पाउल एर्लिख

पाउल एर्लिख (१४ मार्च, १८५४ – २० ऑगस्ट, १९१५) हे जर्मन वैद्य, रक्तविज्ञानाचे व रोगप्रतिकारशास्त्राचे अभ्यासक आणि रासायनिक चिकित्सेचे प्रवर्तक होते. रक्तातील पांढऱ्या पेशींचे रंजकांच्या साहाय्याने वर्गीकरण, घटसर्पावरील प्रतिविषाचे प्रमाणीकरण, पेशींवरील ग्राहींची कल्पना आणि उपदंशावरील साल्व्हार्सान हे औषध ही त्यांची प्रमुख कार्ये होत. रोगप्रतिकारावरील संशोधनासाठी १९०८ सालचे शरीरक्रियाविज्ञान व वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक त्यांना इल्या मेचनिकॉफ यांच्यासमवेत विभागून मिळाले.

शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच ऊतींवर का उलटत नाही, हा प्रश्न प्रयोगाच्या कक्षेत आणणाऱ्या पहिल्या संशोधकांत एर्लिख यांची गणना होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस टी पेशींवरील ‘मृत्यू-ग्राहीं’चा शोध लागल्यावर या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग उलगडला. त्या उत्तरासाठी वापरली जाणारी ‘ग्राही’ ही संज्ञाही एर्लिख यांच्याच लेखनातून रूढ झालेली आहे.

जन्म आणि शिक्षण

एर्लिख यांचा जन्म प्रशियातील सायलीशिया प्रांतात ष्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये असून स्ट्झेलिन या नावाने ओळखले जाते. त्यांचे वडील इस्मार एर्लिख मद्यविक्रीचा व्यवसाय करीत व सरकारी सोडतीचे कामही पाहत. आईचे नाव रोझा असून तिचे माहेर वायगर्ट कुटुंबातील होते. पुढे नामांकित विकृतिशास्त्रज्ञ झालेले कार्ल वायगर्ट हे एर्लिख यांचे मामेभाऊ. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या ऊतींना रंग देण्याची ओढ एर्लिख यांना वायगर्ट यांच्याकडूनच लागली.

ब्रेस्लाऊ येथील शाळेत शिकत असताना पुढे त्वचारोगतज्ज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेले आल्बर्ट नायसर हे त्यांचे सहाध्यायी होते. वैद्यकाचे शिक्षण एर्लिख यांनी ब्रेस्लाऊ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग व लाइपझिग या विद्यापीठांत घेतले. ठरावीक पाठांतरापेक्षा त्यांचे मन रंजकांच्या प्रयोगांत अधिक रमत असे. त्या काळात जर्मनीतील रसायनउद्योग कोळशाच्या डांबरापासून नवनवीन कृत्रिम रंजके तयार करीत होता. कापड रंगविण्यासाठी बनविलेली ही द्रव्ये एर्लिख यांनी सजीवांच्या ऊती रंगविण्यासाठी वापरली. १८७८ मध्ये लाइपझिग विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्यांच्या प्रबंधाचा विषयही ऊतिरंजन हाच होता. ज्यांतील कण विशिष्ट रंजकांनी वेगळ्याच छटेत रंगतात अशा एका जातीच्या पेशी याच सुमारास त्यांनी ओळखल्या. त्यांना त्यांनी दिलेले ‘मास्ट पेशी’ हे नाव आजही प्रचारात आहे.

बर्लिनमधील वर्षे

१८७८ मध्ये एर्लिख बर्लिनच्या शारिते रुग्णालयात तेओडोर फ्रेरिक्स यांच्या हाताखाली रुजू झाले. फ्रेरिक्स यांनी त्यांना संशोधनासाठी पूर्ण मोकळीक दिली. रक्ताचा पातळ थर काचेवर पसरून, तो वाळवून व उष्णतेने स्थिर करून आम्लधर्मी, अल्कधर्मी व उदासीन रंजकांनी रंगविण्याची पद्धत त्यांनी बसविली. तोपर्यंत एकसारख्या वाटणाऱ्या पांढऱ्या पेशी या पद्धतीमुळे वेगवेगळ्या ओळखता येऊ लागल्या. इओसिनरागी, अल्करागी व उदासीनरागी कणयुक्त पेशी ही विभागणी त्यांच्या कामावर आधारलेली आहे. कणरहित लसीका पेशींचा, म्हणजे लिम्फोसाइटांचा गट हाडांच्या मगजातून येणाऱ्या पेशींहून वेगळा आहे, असे त्यांचे मत होते. या लसीका पेशींचे शरीरातील कार्य मात्र त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते आणि एर्लिख यांच्या हयातीत ते कळलेही नाही.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्या सभेला एर्लिख उपस्थित होते. त्यांनी तत्काळ हा जंतू रंगविण्याची अधिक सोपी व खात्रीची रीत शोधून काढली. क्षयाचा जंतू एकदा रंगला की आम्लाने धुऊनही रंग सोडत नाही, या गुणधर्मावर ती आधारलेली होती. पुढील काळात सुधारणा होऊन झील–नेल्सन या नावाने रूढ झालेल्या थुंकी-तपासणीच्या पद्धतीचे मूळ हेच होय.

१८८३ मध्ये त्यांचा विवाह हेडविग पिंकुस यांच्याशी झाला. त्यांना श्टेफानी व मारियाने या दोन मुली झाल्या.

१८८५ मध्ये एर्लिख यांनी प्राण्यांच्या ऊतींना लागणाऱ्या ऑक्सिजनसंबंधीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. जिवंत प्राण्याच्या शरीरात रंजक सोडून कोणत्या अवयवात त्याचा रंग टिकतो व कोठे नाहीसा होतो, याचे निरीक्षण त्यात होते. प्रत्येक पेशीचा एक मुख्य गाभा असतो आणि त्याला वेगवेगळी कामे करणाऱ्या ‘पार्श्वशृंखला’ जोडलेल्या असतात, ही कल्पना त्यांनी या ग्रंथात प्रथम मांडली. रसायनशास्त्रात मोठ्या वलयी रेणूला जोडलेल्या अणुगटांसाठी वापरला जाणारा हा शब्द त्यांनी सजीव पेशीला लावला. त्याच वर्षी फ्रेरिक्स यांचे निधन झाले. नव्या प्रमुखांच्या कारकिर्दीत संशोधनाची मोकळीक उरली नाही व एर्लिख यांना रुग्णालय सोडावे लागले. याच काळात स्वतःच्या थुंकीत त्यांना क्षयाचे जंतू आढळले. हवापालटासाठी ते १८८८ मध्ये पत्नीसह इजिप्तला गेले आणि प्रकृती सुधारल्यावर १८८९ मध्ये बर्लिनला परतले. कोणतेही पद हाती नसल्याने त्यांनी स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली. काही काळाने कॉख यांनी त्यांना आपल्या संसर्गरोग संस्थेत काम करण्याची संधी दिली.

मेथिलीन ब्ल्यू हे रंजक चेतातंतूंना आणि हिवतापाच्या परजीवींना विशेषत्वाने चिकटते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १८९१ मध्ये पाउल गुटमान यांच्यासमवेत त्यांनी हिवतापाच्या दोन रुग्णांना हे रंजक औषध म्हणून दिले. प्रयोगशाळेत तयार झालेल्या रंजकाचा संसर्गजन्य रोगावर उपचारासाठी केलेला हा आरंभीचा प्रयोग होता.

रोगप्रतिकारावरील संशोधन

१८९१ च्या सुमारास एर्लिख यांनी एरंडाच्या बियांतील रिसिन व गुंजेतील अब्रिन या विषांवर प्रयोग केले. उंदरांना या विषांची अत्यल्प मात्रा देऊन ती क्रमाने वाढवीत नेल्यास ते एरवी प्राणघातक ठरणारी मात्राही सहन करतात, असे त्यांना दिसून आले. ही प्रतिकारशक्ती मादीकडून पिलांना मिळते आणि त्यात दुधाचाही वाटा असतो, हेही त्यांनी दाखवून दिले. आईकडून मिळालेले तयार संरक्षण आणि शरीराने स्वतः निर्माण केलेले संरक्षण यांतील भेद त्यातून स्पष्ट झाला.

एमिल फॉन बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये घटसर्प व धनुर्वात यांच्या विषांवर रक्तरसातील प्रतिविष परिणामकारक असल्याचे दाखविले होते. घटसर्प हा त्या काळी लहान मुलांचा काळ समजला जाई. परंतु घोड्यांपासून मिळविलेल्या रक्तरसाची ताकद दर वेळी निराळी असे. त्यामुळे एखाद्या मुलाला दिलेली मात्रा पुरेशी आहे किंवा नाही हे सांगणे अशक्य होते. एर्लिख यांनी प्राण्यांमध्ये प्रतिविषाचे प्रमाण वाढविण्याची पद्धत सुधारली आणि रक्तरसाची ताकद मोजण्याचे परिमाण निश्चित केले. १८९४ मध्ये होएख्स्ट कंपनीने हा रक्तरस बाजारात आणला. त्याच्या नफ्यातील वाट्यावरून बेरिंग व एर्लिख यांच्यात वितुष्ट आले आणि पूर्वीचा स्नेह पुढे कधीही पूर्ववत झाला नाही.

१८९६ मध्ये बर्लिनजवळील ष्टेग्लिट्झ येथे रक्तरसाचे संशोधन व तपासणी करणारी सरकारी संस्था स्थापन झाली व एर्लिख तिचे संचालक झाले. घटसर्पाचे विष साठवणीत हळूहळू निवळते, म्हणून त्याच्या आधारे माप ठरविणे विश्वासार्ह नाही, हे त्यांनी ओळखले. त्याऐवजी त्यांनी प्रमाण म्हणून प्रतिविष निवडले व ते वाळवून, निर्वात नळीत, थंड व अंधाऱ्या जागी राखले. २५० ग्रॅम वजनाच्या गिनीपिगवर विष व रक्तरस यांच्या मिश्रणाचा होणारा परिणाम पाहून प्रत्येक नव्या रक्तरसाची ताकद या प्रमाणाशी ताडता येऊ लागली. जैविक औषधांच्या प्रमाणीकरणाचा हा पाया ठरला.

या मोजमापांतून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. निवळलेले विष प्राण्याला मारत नाही, तरीही ते पूर्वीइतकेच प्रतिविष बांधून ठेवते. यावरून एर्लिख यांनी असा निष्कर्ष काढला की विषाच्या रेणूचे दोन भाग असावेत: एक पेशीला चिकटणारा आणि दुसरा प्रत्यक्ष इजा करणारा. चिकटणे व मारणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हा त्यांच्या पुढील सर्व विचारांचा कणा होय.

पार्श्वशृंखला सिद्धांत

१८९७ मध्ये एर्लिख यांनी पार्श्वशृंखला सिद्धांत सविस्तर मांडला. पेशीच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या आकारांच्या पार्श्वशृंखला असतात व पोषक द्रव्ये ग्रहण करणे हे त्यांचे नित्याचे काम असते, असे त्यांनी मानले. कुलपात किल्ली बसावी तसे एखादे विष योगायोगाने त्यांपैकी एखाद्या शृंखलेत नेमके बसते. अडकलेली शृंखला निकामी झाल्यामुळे पेशी ती पुन्हा तयार करते आणि गरजेहून अधिक तयार करते. जास्तीच्या शृंखला पेशीपासून सुटून रक्तात येतात. रक्तात आढळणारे प्रतिविष म्हणजे याच मुक्त शृंखला होत. १९०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांनी क्रूनियन व्याख्यानात हा सिद्धांत चित्रांसह स्पष्ट केला. याच काळात त्यांनी व युलिउस मोर्गेनरोथ यांनी पार्श्वशृंखलांसाठी ‘रिसेप्टर’ म्हणजेच ग्राही हा शब्द वापरण्यास प्रारंभ केला.

या सिद्धांतावर टीकाही झाली. बेल्जियमचे ज्यूल बॉर्दे आणि स्वीडनचे स्वांते आऱ्हेनियस यांनी विष व प्रतिविष यांच्या संयोगाविषयी वेगळी मते मांडली. पुढे कार्ल लांडश्टायनर यांनी निसर्गात न आढळणाऱ्या कृत्रिम रसायनांविरुद्धही प्रतिपिंडे तयार होतात हे दाखविले. अशा प्रत्येक द्रव्यासाठी पेशीजवळ आधीच ग्राही कसा असेल, असा प्रश्न त्यामुळे उभा राहिला व सिद्धांत मागे पडला. १९५७ मध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांनी कृंतक निवडीचा सिद्धांत मांडला, तेव्हा ग्राही आधीपासून अस्तित्वात असतो ही एर्लिख यांची मध्यवर्ती कल्पना पुन्हा स्वीकारली गेली. मात्र एका पेशीवर अनेक जातींचे ग्राही नसून प्रत्येक लसीका पेशीवर एकाच जातीचा ग्राही असतो, ही दुरुस्ती तीत झाली.

स्वतःविरुद्धच्या प्रतिकाराचा प्रश्न

१८९९ ते १९०१ या काळात एर्लिख व मोर्गेनरोथ यांनी रक्तपेशी फोडणाऱ्या प्रतिपिंडांचा अभ्यास केला. एका शेळीच्या शरीरात दुसऱ्या शेळीचे रक्त टोचले असता पहिल्या शेळीच्या रक्तरसात इतर शेळ्यांच्या तांबड्या पेशी फोडणारी द्रव्ये तयार झाली. मात्र या रक्तरसाने तिच्या स्वतःच्या पेशी फुटल्या नाहीत. स्वतःच्या पेशींविरुद्ध असे द्रव्य निर्माण करण्याचा प्रयत्न निष्फळ ठरला. शरीर स्वतःवर विषप्रयोग करण्यास कचरते, अशा अर्थाचे ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ हे लॅटिन नाव त्यांनी या घटनेला दिले.

या नावाचा अर्थ पुढील पिढीने बरेचदा चुकीचा लावला. शरीर स्वतःविरुद्ध कधीही प्रतिकार उभा करूच शकत नाही, असा नियमच एर्लिख यांनी घालून दिला, असे समजले गेले. प्रत्यक्षात त्यांचे मत याहून सावध होते. स्वतःला घातक अशी द्रव्ये निर्माण होण्याचा धोका नेहमीच असतो आणि तो टाळण्यासाठी शरीरात काही नियामक व्यवस्था असल्या पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. ही व्यवस्था ढासळल्यास रोग होऊ शकतो, हेही त्यात गृहीत होते. १९०४ मध्येच युलिउस डोनाथ व कार्ल लांडश्टायनर यांनी थंडीमुळे लघवीतून रक्तरंजक जाणाऱ्या एका विकारात रुग्णाच्या स्वतःच्या तांबड्या पेशी फोडणारे प्रतिपिंड दाखवून दिले. तरीही अशा विकारांकडे सुमारे अर्धशतक पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

ही कोंडी फुटली ती एर्लिख यांच्याच शिष्यपरंपरेत. एर्लिख यांचे सहकारी हान्स झाक्स यांच्या हाताखाली तयार झालेले एर्न्स्ट विटेब्स्की नाझी राजवटीत जर्मनी सोडून अमेरिकेत गेले. १९५६ मध्ये त्यांनी व नोएल रोझ यांनी सशांना सशाच्याच अवटु ग्रंथीचा अर्क टोचून त्या ग्रंथीचा दाह घडवून आणला. परंपरेने मानलेला नियम मोडत असल्याने हा निष्कर्ष स्वीकारणे त्यांना स्वतःलाही सोपे गेले नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये अवटु ग्रंथीच्या हाशिमोतो विकाराच्या रुग्णांमध्ये त्या ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. त्यानंतर स्वप्रतिकार विकार ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा बनली.

फ्रांकफुर्ट आणि साल्व्हार्सान

१८९९ मध्ये एर्लिख यांची संस्था फ्रांकफुर्टला हलविण्यात आली व तिला प्रायोगिक चिकित्सा संस्था असे नाव मिळाले. १९०६ मध्ये फ्रान्झिस्का श्पायर यांनी पतीच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून शेजारीच गेओर्ग-श्पायर-हाउस ही संशोधनसंस्था उभी राहिली व तीही एर्लिख यांच्या अधिपत्याखाली आली.

रक्तरसातील प्रतिविष फक्त आपल्या विषाचाच वेध घेते. तसेच केवळ जंतूला चिकटेल आणि रुग्णाला इजा करणार नाही असे रसायन बनविणे शक्य असले पाहिजे, अशी एर्लिख यांची धारणा होती. अशा औषधासाठी त्यांनी ‘जादूची गोळी’ ही कल्पना रूढ केली. येथे गोळी म्हणजे बंदुकीची गोळी होय. १९०४ मध्ये जपानी संशोधक कियोशी शिगा यांच्यासमवेत त्यांनी ट्रिपॅन रेड या रंजकाने ट्रिपॅनोसोमा परजीवीची लागण झालेल्या उंदरांवर उपचार केले. त्यानंतर त्यांनी आर्सेनिकयुक्त संयुगांकडे लक्ष वळविले. आटॉक्सिल या औषधाची खरी रासायनिक रचना त्यांनी व आल्फ्रेड बेर्थहाइम यांनी निश्चित केली. त्यामुळे त्यात पद्धतशीर फेरफार करून शेकडो नवी संयुगे बनविणे शक्य झाले.

६०६ क्रमांकाचे संयुग १९०७ मध्येच तयार झाले होते, पण पहिल्या चाचणीत ते निरुपयोगी म्हणून बाजूला पडले. १९०९ मध्ये कितासातो यांच्या संस्थेतून आलेल्या साहाचिरो हाता यांनी उपदंशाची लागण केलेल्या सशांवर सर्व संयुगे पुन्हा तपासली. तेव्हा ६०६ चा गुण दिसून आला. एप्रिल १९१० मध्ये वीसबाडेन येथील वैद्यक परिषदेत हे निष्कर्ष जाहीर झाले. औषधाची मागणी इतकी वाढली की बाजारात येण्यापूर्वीच सुमारे ६५,००० मात्रा वैद्यांना विनामूल्य पाठविण्यात आल्या. होएख्स्ट कंपनीने त्याच वर्षी ते साल्व्हार्सान या नावाने विक्रीस आणले. १९१२ मध्ये वापरण्यास अधिक सोपे असे निओसाल्व्हार्सान उपलब्ध झाले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन येईपर्यंत उपदंशावरील उपचारांत या आर्सेनिकयुक्त औषधांना प्रमुख स्थान होते.

साल्व्हार्सान हवेच्या संपर्कात बिघडत असे. त्यामुळे ते बंद काचनळीत ठेवून ऐनवेळी विरघळवावे लागे. ते टोचण्याची कृती नाजूक होती आणि चुका झाल्यास गंभीर दुष्परिणाम होत. काही रुग्ण दगावले. एर्लिख प्रत्येक प्रतिकूल घटनेची माहिती मागवीत आणि तिचे कारण शोधीत. तरीही त्यांच्यावर निष्काळजीपणाचे व नफेखोरीचे आरोप झाले आणि त्यांना ज्यूद्वेषाची धारही होती. १९१४ मध्ये फ्रांकफुर्टच्या रुग्णालयात स्त्रियांवर सक्तीने हे औषध वापरले गेल्याचा आरोप करणाऱ्या एका प्रकाशकावर बदनामीचा खटला चालला. एर्लिख यांनी त्यात साक्ष दिली. प्रकाशकाला एक वर्षाच्या कारावासाची शिक्षा झाली. या दगदगीचा एर्लिख यांच्या प्रकृतीवर परिणाम झाला.

स्वभाव आणि अखेरचा काळ

एर्लिख यांच्या खोलीत पुस्तकांचे व कागदांचे ढीग खुर्च्यांवरही रचलेले असत. ते सतत सिगार ओढीत आणि जेवणाकडे दुर्लक्ष करीत. प्रत्येक सहकाऱ्याला त्या दिवशीचे काम ते रंगीत कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून देत व त्या सूचनांपासून ढळलेले त्यांना खपत नसे. गुप्तहेरकथा वाचण्याची त्यांना आवड होती.

१९१४ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या फ्रांकफुर्ट विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मनीच्या युद्धकृत्यांचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर त्यांनीही स्वाक्षरी केली. वर्षअखेरीस त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले. फ्रांकफुर्टमधील ज्यू दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

टी पेशी आणि मृत्यू-ग्राही

एर्लिख यांनी रंगवून वेगळ्या काढलेल्या लसीका पेशी याच प्रतिकाराच्या सूत्रधार आहेत, हे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सिद्ध झाले. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी थायमस ग्रंथीचे प्रतिकारातील महत्त्व दाखवून दिले. तेथे परिपक्व होणाऱ्या लसीका पेशींना टी पेशी हे नाव मिळाले. स्वतःच्या ऊतींना तीव्रतेने चिकटणाऱ्या अनेक टी पेशी थायमसमध्येच नष्ट होतात. परंतु ही चाळणी पूर्ण नसते. काही स्वविरोधी पेशी निसटून शरीरभर फिरत राहतात.

टी पेशी उद्दीपित होण्यासाठी तिच्या प्रतिजन-ग्राहीला ओळखीचा प्रतिजन मिळावा लागतो आणि सीडी२८ सारख्या ग्राहीद्वारे दुसरा संकेतही यावा लागतो. त्यानंतर ती वेगाने विभागून आपली संतती वाढविते. संसर्ग ओसरल्यावर यांपैकी बहुतांश पेशी मरण पावतात आणि थोड्याच स्मृतिपेशी म्हणून उरतात. वाढलेली फौज मोडली गेली नाही, तर ती स्वतःच्याच शरीराला जाचक ठरते.

पेशीला बाहेरून मरणाची आज्ञा देणाऱ्या ग्राहींना मृत्यू-ग्राही म्हणतात. टीएनएफ ग्राही-१, फास आणि ट्रेल या द्रव्याचे ग्राही हे त्यांतील प्रमुख होत. १९८९ मध्ये जपान व जर्मनी येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे असे प्रतिपिंड शोधले, की जे पेशीच्या पृष्ठभागाला केवळ चिकटून तिला आत्मनाशास प्रवृत्त करीत. दोन्ही प्रतिपिंडांचे लक्ष्य फास हा एकच ग्राही होता. १९९१ मध्ये त्याचे जनुक हाती आले. फासला त्याचा पूरक रेणू जोडला गेला की ग्राहीच्या आतील टोकाशी फॅड हे प्रथिन येऊन बसते. फॅड कास्पेझ-८ या विकराला जवळ खेचते. हे विकर कार्यान्वित होऊन पुढील विकरांची साखळी सुरू करते व पेशी आतून शिस्तबद्ध रीतीने मोडली जाते.

नुकतीच उद्दीपित झालेली टी पेशी या आज्ञेला दाद देत नाही. काही दिवसांनी तीच पेशी पुन्हा पुन्हा उद्दीपित झाली, तर ती फासचा पूरक रेणू स्वतः निर्माण करते आणि फासमार्फत मरते. १९९५ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी हे दाखविले. सतत समोर राहणारा प्रतिजन बहुधा शरीराचा स्वतःचाच असतो. म्हणून ही व्यवस्था स्वविरोधी पेशींना आळा घालते. एका तीव्र संसर्गानंतरची पेशींची ओहोटी मात्र मुख्यतः पेशीच्या आतून चालणाऱ्या बिम या प्रथिनाच्या मार्गाने होते. फास बिघडल्यास काय होते हे उंदरांत व माणसांत दिसून आले आहे. १९९२ मध्ये लसीका ग्रंथी सुजून स्वप्रतिकार विकार होणाऱ्या एका जातीच्या उंदरांत फास जनुकाचा दोष सापडला. १९९५ मध्ये लसीका ग्रंथी व प्लीहा वाढलेल्या आणि स्वतःच्या रक्तपेशी नष्ट करणाऱ्या विकाराने ग्रस्त मुलांमध्येही तोच दोष आढळला.

पुढील संशोधनातून एक अनपेक्षित बाब समोर आली. मृत्यूची आज्ञा वाहून नेणारी प्रथिनेच टी पेशीच्या वाढीसाठीही आवश्यक आहेत. १९९८ मध्ये फॅड नसलेल्या उंदरांच्या टी पेशी उद्दीपनानंतर नीट वाढत नाहीत असे दिसले. २००२ मध्ये कास्पेझ-८ च्या जनुकात दोष असलेल्या रुग्णांमध्ये लसीका पेशींचे उद्दीपनच मंदावलेले आढळले. या कोड्याचा मोठा भाग २०११ च्या सुमारास सुटला. कास्पेझ-८ हे विकर आरआयपीके-३ या प्रथिनामार्फत होणारा दुसऱ्या प्रकारचा, दाहकारक पेशीमृत्यू रोखून धरते. ते नसल्यास वाढू पाहणारी टी पेशी या मार्गाने मरते. आरआयपीके-३ ही काढून टाकल्यास पेशींची वाढ पूर्ववत होते. या दोन मार्गांतील तोल फ्लिप या प्रथिनाच्या प्रमाणावर अवलंबून असतो. त्याच्या जोडीने काम करताना कास्पेझ-८ पेशीला मारत नाही, तर जगविते. म्हणजे मृत्यू-ग्राहीचा संकेत हा साधा मरणाचा हुकूम नसून पेशी कोणत्या अवस्थेत आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.

एर्लिख यांना टी पेशी, जनुके किंवा कास्पेझ यांची काहीही कल्पना नव्हती आणि स्वविरोधी पेशींना मृत्यूने आवरले जाते असा तर्कही त्यांनी केलेला नाही. तथापि ग्राहीला चिकटणे आणि त्याचा परिणाम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तसेच स्वतःविरुद्धचा प्रतिकार नियामक व्यवस्थेने आवरला जातो, हे त्यांचे दोन्ही विचार या संशोधनात टिकून राहिले आहेत.

स्मृती व सन्मान

फ्रांकफुर्टमधील त्यांच्या संस्थेसमोरील रस्त्याला त्यांच्या हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले होते. नाझी राजवटीत ते ज्यू असल्याच्या कारणाने काढून टाकण्यात आले व दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा देण्यात आले. हेडविग एर्लिख यांना देश सोडावा लागला. त्या स्वित्झर्लंडमार्गे अमेरिकेत गेल्या व १९४८ मध्ये तेथेच वारल्या.

१९४० मध्ये त्यांच्या जीवनावर अमेरिकेत चित्रपट निघाला व त्यात एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी त्यांची भूमिका केली. त्यांनी स्थापिलेली रक्तरस तपासणी संस्था १९४७ पासून पाउल एर्लिख संस्था या नावाने ओळखली जाते. जर्मनीतील लसींची व जैविक औषधांची तपासणी आजही तिच्याकडे आहे. रोगप्रतिकारशास्त्र, कर्करोग व रासायनिक चिकित्सा यांतील संशोधनासाठी दिला जाणारा पाउल एर्लिख व लुडविग डार्मश्टेटर पुरस्कार त्यांच्या नावाने आहे. युरो चलन येण्यापूर्वी जर्मनीच्या २०० मार्कांच्या नोटेवर त्यांचे चित्र होते.